कागदावरची मदतनीस

लेकाकडे जाताना आजवर फौजदारीणबाईंनी रेल्वेच्या डब्यात अठरा तास बाकावर ताठ बसून काढले होते. 'फौजदारीणबाई' हे गल्लीने दिलेलं नाव त्या मिरवायच्या. यंदा लेक आपल्या आजारी सासूला सोबत घेऊन बाईंना न्यायलाच आला. म्हणाला, "आई, या खेपेला तुला झोपायची जागा काढलीय." बाईंनी ते घरोघर जाऊन ऐकवलं.

गाडी सुटली आणि तपासनीस यादी घेऊन आला. खालच्या बर्थवर लेकाची सासू पाय पसरून पडली होती. "या पेशंट," तो म्हणाला आणि बाईंकडे वळला, "तुम्ही यांच्या मदतनीस ना?"

लेक कुजबुजला, "अगं, आजाऱ्याच्या सोबत्याला तिकिटात सवलत मिळते. नुसतं कागदावर आहे."

"कागदावर आई लिहायला शाई संपली होती का रे?"

तेवढ्यात लेकाच्या सासूबाईंनी डोळे न उघडताच हाक मारली. कालपर्यंत त्या 'विहीणबाई' म्हणायच्या. आज म्हणाल्या, "बाई, जरा पाणी देता?"

बाईंनी पाणी दिलं, पेला विसळून जागेवर ठेवला आणि वळकटी काखेत मारली.

"बाबा, मला बसायच्या डब्यात जागा दे," त्या तपासनिसाला म्हणाल्या. "आणि यादीत लिही, मदतनीस काम सोडून गेली."