पुढे रेडियल, मागे साधा

"कुठल्या गाढवाने बसवलाय हा टायर?" मी दुकानाच्या दारातूनच ओरडलो.

समोर माझ्या धाकट्या बहिणीची मोटारसायकल उभी होती. पुढे रेडियल टायर, मागे साधा. पुलाच्या वळणावर गाडीने असा काही हिसडा दिला की बहीण आणि मागे बसलेली तिची सहा वर्षांची पोर थेट कठड्यावर. बहिणीचं कोपर सोललं होतं. पोरीला खरचटलंही नव्हतं, पण तिचे हुंदके काही थांबत नव्हते.

"मीच बसवलाय," आतून बाबा म्हणाले. "परवा, तू जेवायला गेला होतास तेव्हा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं टायरच्या धंद्यात काढलेला माणूस! वळणावर रेडियल दबतो तसा साधा दबत नाही. एकाच गाडीला दोन्ही लावले की वेगात पुढचं चाक एक म्हणतं नि मागचं भलतंच. हे मला शिकवलं कोणी? ह्यांनीच, कान पिळून.

"माप तेच होतं रे," बाबा पुटपुटले. "चाचपून बघितलं. मांडणीवरचा त्यातल्या त्यात चांगला टायर लेकीला दिला."

"चाचपून? अहो, डोळ्यांना दिसत नाही तर कशाला हात घालता? आज पोर गेली असती म्हणजे?"

"दादा, पुरे. लोक बघतायत," बहीण म्हणाली.

"बघू देत! ह्यांना कोणीच काही बोलायचं नाही, म्हणून ही वेळ आली." मला आता आवरेना. "काय वाटतं बाबा तुम्हाला, नजर अधू झाल्यापासून वर्षभर एकही तक्रार नाही ती तुमच्या हाताची करामत? तुम्ही घरी गेलात की तुम्ही बसवलेलं एकेक चाक मी परत तपासतो. पाच गाड्यांचे टायर तर काढून नवे चढवलेत!"

बाबांच्या हातातला पाना तसाच राहिला. बहीण मात्र माझ्याकडे बघायला लागली.

"मग माझं का नाही तपासलंस?"

परवा गाडी संध्याकाळपर्यंत इथेच होती. गिऱ्हाइकांच्या दोन गाड्या मी खाली बसून नीट बघितल्या. हिची बघून म्हटलं, घरचीच तर आहे, बघू सवडीने. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"घरचीच म्हणून राहिली," मी म्हणालो.

ती पोरीला कडेवर घेऊन पाठ फिरवून उभी राहिली.

बाबांनी पाना फळीवर ठेवला. फडक्याला बोटं पुसली.

"वर्षभर माहीत होतं तुला," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायचंस ना रे. मी लेकीच्या गाडीला हात तरी लावला असता का?"