स्मारकातून काढलेली

तरुण शिल्पकर्तीने गोणपाट ओढलं तशी पांढरी धूळ उडाली. माईंनी नाकाला रुमाल लावला.

खाली प्लास्टरची बाई उभी होती. माणसाएवढी उंच, एक पाय पुढे टाकलेला, घोषणा देता देता तोंड उघडं राहिलेलं.

"माई, ही चौकातल्या स्वातंत्र्य-स्मारकासाठीच केलेली ना? तिथे तर नुसते पुरुषच आहेत."

"बाबांनी काढली नंतर. वरून सांगणं आलं होतं. तुरुंगात राहून आलेली बाई चौकात शोभत नाही म्हणे."

"आणि त्यांनी मुकाट्याने काढली?"

माई चहा टाकायला आत गेल्या. माईंच्या वडिलांची शिल्पं गावोगावी उभी होती. त्यांच्या माघारी त्या नावाची राखण करायची, शिल्पशाळेचं कुलूप काढायचं नि लावायचं, एवढंच माईंना उरलं होतं. ना मूल, ना बाळ.

"कोण होती ही?" कप हातात घेत शिल्पकर्तीने विचारलं. "मी तिला प्रदर्शनात मांडणार आहे. एकटीला."

"असेल कुणीतरी," माई म्हणाल्या.

ती माईंची आत्या होती. तुरुंगातून सुटली ती भावाच्याच, बाबांच्याच घरी आली आणि याच घरात म्हातारी झाली. भावाला रोज गरम गरम वाढायची. स्मारकाचा विषय दोघांत कधी निघाला नाही. फक्त बाजारात जाताना ती चौक टाळून लांबच्या गल्लीने जायची, आणि तिचं बोट धरून चालणाऱ्या लहानग्या माईंचे पाय दुखायचे.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला माई गेल्या नाहीत. गर्दी ओसरल्यावर एका दुपारी गेल्या. दालनात चिटपाखरू नव्हतं. मधोमध आत्या, आणि दाराशी कंटाळलेला पहारेकरी.

माई बराच वेळ उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याने आपली खुर्ची आणून दिली.

"कोण होती, कुणास ठाऊक," तो म्हणाला. "पाटीवर तर 'स्मारकातून काढलेली अज्ञात स्त्री' लिहिलंय."

माईंनी खुर्चीची पाठ धरली.

"माझी आत्या."

"सख्खी?"

"सख्खी. बाबांची धाकटी बहीण."

पहारेकऱ्याने वाकून पाटीवरचं शिल्पकाराचं नाव वाचलं. मग माईंकडे पाहिलं.

"म्हणजे यांनीच बहिणीला काढलं?"

"हो," माई म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या.