शेवटचं सप्तक

लाल पाचर... फेल्टची, बोटाएवढी, पियानोच्या शेवटच्या सप्तकात दोन तारांच्या मध्ये रुतून बसलेली. एक तार लावताना शेजारची गप्प राहावी म्हणून ती घालायची आणि काम झालं की काढायची. पण त्याच्या पाचरी करड्या होत्या, गेली चाळीस वर्षं करड्याच. लाल पाचरी घरात एकाच पिशवीत होत्या — बारकीच्या. बारकी म्हणजे त्याची धाकटी मुलगी; तिला हे काम त्यानेच हाताला धरून शिकवलं होतं, आणि ती आता कान सोडून मुठीएवढ्या यंत्राच्या दिव्याकडे बघत तारा लावायची.

हा पियानो तर त्याने परवाच लावला होता.

आज तो आला होता या संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या पियानोसाठी. जाता जाता सहज इथलं झाकण उघडलं, आणि मनात पाल चुकचुकली. मागे एकदा जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, वरचे सूर तुमचे अलीकडे जरा चढे लागतात. यंत्रावर बघूया का एकदा?" "तुझ्या यंत्राला कान आहेत का गं?" तो फिस्कारला होता. त्यावर ती पुन्हा वरण वाढायला लागली. तेव्हा त्याला वाटलं, जिंकलो.

शिक्षिकाबाई आत आल्या. "आज तुम्ही? परवा संध्याकाळी मुलगी येऊन गेली की. नेहमीसारखी."

"नेहमीसारखी," तो म्हणाला.

"तुम्हीच पाठवता ना? दोन वर्षं झाली असतील. शेवटचा हात फिरवते म्हणते."

"हो तर. मीच पाठवतो."

जिना चढताना त्याला दम लागला. दोन वर्षं! म्हणजे आणखी कुठे कुठे गेली असेल ही, बापाच्या पाठीमागे, चोरासारखी? गेल्या वर्षी मैफलीनंतर एका म्हाताऱ्या वादकाने आपला हात हातात घेऊन म्हटलं होतं, असा कान आता मिळायचा नाही... तो कुणाचा कान होता? मी काय बहिरा झालोय? तोंडावर सांगायला काय झालं होतं हिला — पण सांगितलं होतं की तिने. जेवताना. वरण वाढता वाढता.

वरच्या खोलीत त्याने मधलं सप्तक लावलं. दोन तारांचे सूर जुळत नसले की उठणारी थरथर मंदावत मंदावत थांबली. ती मोजताना त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. मग तो वर सरकला. अगदी शेवटची तार त्याने ताणत नेली, सूर खुलेपर्यंत. सोळा आणे बरोबर.

बारकी मागाहून आली असती तर तिने हा सूर उतरवला असता. किती? त्याने खुंटीवरची किल्ली केसभर मागे घेतली. सूर पडला, रडका झाला. कुणालाही ऐकवा, रडकाच म्हणेल... की नाही म्हणणार? दोन वर्षं लोक ज्याला वाहवा म्हणत आले, तो हाच असेल तर? चढवला — गोड. उतरवला — रडका. पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला. असं केलं की खुंटी सैल होते म्हणून बारकीला त्याने किती वेळा झापलं होतं.

घरी गेल्यावर तिची चांगली खरडपट्टी काढायची होती. पहिलं वाक्य तर जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. पण राग येईना. सूर रडका होता, हात किल्लीवर होता, आणि आपल्या कानाचं न ऐकता तो सूर तसाच ठेवून घरी जावं असं वाटायला लागलंय, याची त्याला भीती वाटत होती.