घड्याळातली द्राक्षं

तुमच्या आजोबांच्या हाताला असा गुण होता की त्यांची चाहूल लागली तरी बंद पडलेलं घड्याळ घाबरून टिकटिक करायला लागायचं. कोंबडेसुद्धा आधी त्यांच्या दुकानात डोकावून वेळ बघायचे, मगच आरवायचे. हसू नका, एकाला तर मी स्वतः पकडलं होतं.

अशा माणसाला एकाएकी द्राक्षांचं वेड लागलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

फळ म्हटलं की नाक मुरडणारा हा माणूस! आणि आता संध्याकाळी दुकानातून वर आला की अंगाला गोडसर वास, बोटं चिकट, कोटाच्या खिशात द्राक्षाचा देठ. घरी एक मणी आणतील तर शपथ!

"कसली द्राक्षं? काहीतरीच तुझं," म्हणायचे.

दुकान घराच्या खालीच. तिथे दुपारी आतून कडी लागायला लागली. आजवर कधी लागली नव्हती.

त्यात नणंद आली. "वहिनी, मी काही कान भरायला आले नाही," असं म्हणून तिने बैठक मारली आणि भरायला घेतले. "पण कोपऱ्यावरची फळवाली दादाला घड निवडून देते. आम्हाला मात्र टोपलीच्या तळातले गळके."

"देऊ दे की."

"आणि बोलते कशी? डोळ्यांत डोळे घालून!"

झालं! माझा संसार त्या टोपलीत बुडताना मला दिसायला लागला. तशीच चप्पल घातली आणि फळवालीपुढे जाऊन उभी राहिले.

"काय गं, द्राक्षं बरीच खपतायत?"

"खपणारच, बाई! हृदयाला चांगली, पोटाला चांगली, आणि डोळ्यांना तर..." तिने जीभ चावली.

"डोळ्यांना काय?"

"काही नाही. किती देऊ?"

नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

हे चौकातल्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायला गेले, तशी मी दुकानात शिरले. खण उचकले. स्प्रिंगा, काटे, पट्टे. बाईमाणसाचं काही नाही. मग कोपऱ्यातल्या माणसाएवढ्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते गप्प! आमच्या दुकानात गप्प घड्याळ? दार उघडलं, तर लंबकाच्या जागी काळ्या द्राक्षांचा हा एवढा घड लटकत होता.

पुरावा तपासायला दोन-चार तोंडात टाकली. तेवढ्यात हे आले.

"अहो, ही कुणाची भेट लपवलीत?"

त्यांनी घाईघाईने कडी लावली. "हळू बोल! कुणाला कळलं तर धंदा बसेल."

"म्हणजे आहे काहीतरी!"

"अगं, माझे डोळे गेले," म्हणाले आणि स्टुलावर मटकन बसले. "बारीक स्क्रू दिसत नाहीत. फळवाली म्हणाली, द्राक्षांनी नजर सुधारते. म्हणून काम करता करता खातो. पण खावं तितकं धूसर दिसतं. मग आणखी खातो."

"डॉक्टरला दाखवायचं ना!"

"त्याचंच घड्याळ माझ्यापुढे उघडं पडलंय! हे कळलं तर परत काम देईल का मला?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. समोर त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग पडलं होतं. उचललं, तर ते माझ्या अंगठ्यालाच चिकटलं. ज्या हाताने द्राक्षं, त्याच हाताने भिंग! काचेवर रसाचा थर, त्यावर धुळीचा थर. गरम पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं आणि त्यांच्या डोळ्याला लावलं.

त्यांनी चिमट्याने एक स्क्रू उचलला. बराच वेळ बघत राहिले. "दिसतोय गं! आटे मोजून दाखवू?"

"नको. द्राक्षं बंद करा."

"का? पोट बघ हल्ली कसं साफ होतंय."

"ते द्राक्षांमुळे. पाणी असतं, सालीत चोथा असतो. पण नजर माझ्या फडक्याने आली."

त्यांनी भिंग तसंच डोळ्याला ठेवून चेहरा माझ्या तोंडाजवळ आणला. "असं? मग तुझ्या हनुवटीवर ही काळी साल कसली?"

दुसऱ्या दिवसापासून दोन घड यायला लागले, एक वर माझ्यासाठी, एक खाली घड्याळात. आणि ते घड्याळ, आईशप्पथ, घडाच्या वजनावर चालायला लागलं. हे जरा जास्त मणी खाऊन बसले की मागे पडायचं.