आईची भूमिका

शिडीवरून पडायची ताईंची ती तिसरी खेप होती. पहिल्या वेळी त्यांना पडण्याआधीच हसू आलं. दुसऱ्या वेळी पायातली चप्पल उडाली ती थेट कॅमेऱ्यावर. चप्पल काढूनच ठेवा, असं कॅमेरामनचं म्हणणं पडलं. दिग्दर्शन करणारे सर म्हणाले, गोदामात काम करणारी बाई अनवाणी कशी चालेल, फिल्म सुरक्षेची आहे. शेवटी चिकटपट्टीनं चप्पल पायाला चिकटवली आणि ताई पुन्हा शिडीवर चढल्या. या वेळी पडल्या त्या मात्र झकास पडल्या. हात एकीकडे, पाय एकीकडे, डोळे अर्धवट उघडे.

"आता कशा खरंच गेल्यासारख्या वाटलात," कॅमेरामन म्हणाला आणि म्हणून झाल्यावर त्यानं जीभ चावली. ताईंचे यजमान जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

ताईंनी काही मनावर घेतलं नाही. त्या उठल्या, चिकटपट्टी सोडवली आणि गादी गुंडाळायला लागल्या, कारण गादी भाड्याची होती आणि ती भाड्यानं आणण्याचं कामही त्यांचंच होतं.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर कंपनीच्या तीन खोल्या होत्या. एकीत हिरवा पडदा आणि दिवे, दुसरीत संपादन करणारी मुलगी आणि तिचे दोन कॉम्प्युटर, तिसरीत सरांचं टेबल, ताईंचं टेबल आणि सामानाचं कपाट. खाली यंत्र सुरू झालं की वरची जमीन थरथरायची, म्हणून आवाज ध्वनिमुद्रित करायचा तो खालच्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. कंपनी फिल्म करायची त्या कारखान्यांसाठी, शाळांसाठी, दवाखान्यांसाठी. कुणी हौसेनं बघाव्यात अशा त्या नव्हत्या. नोकरीवर रुजू होताना दाखवतात, माणसं जांभया देत बघतात आणि विसरून जातात, तशातल्या. पण सर त्याही जीव ओतून करायचे. हात धुण्याच्या फिल्मसाठी त्यांनी एकदा अख्खी दुपार पाण्यावर उजेड कसा पडतो ते बघण्यात घालवली होती.

ताई तिथं परवानग्या, गाड्या, जेवणखाण बघायला लागल्या होत्या. नटनट्या दरवेळी बाहेरून आणणं जमायचं नाही, म्हणून एकदा कुणी नव्हतं तेव्हा त्यांना उभं केलं आणि मग ते अंगवळणीच पडलं. ओल्या हातानं बटण दाबून त्यांना विजेचा धक्का बसला होता. सांडलेल्या तेलावरून त्या घसरल्या होत्या, यंत्रात त्यांची ओढणी अडकली होती. संध्याकाळी घरी गेल्या की यजमान दार उघडून विचारायचे, "आज कशानं गेलीस?" ताई म्हणायच्या, "विजेनं." "मग बस तू, चहा मी टाकतो," असं म्हणून ते आत जायचे. नळाच्या सामानाच्या दुकानात ते कामाला होते. हसवायची त्यांना सवयच होती. आपल्या आईलासुद्धा ते सोडायचे नाहीत.

ते गेले ते तसे अचानक. दुकानात छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, दोन दिवस यंत्रांवर ठेवलं. घरात आता ताई आणि सासूबाई अशा दोघीच राहिल्या होत्या. त्यांच्यात भांडण म्हणावं तर एकाही शब्दाचं नव्हतं. पण सासूबाई बोलायच्या त्या कामापुरतं. दूध आलं. किल्ली शेजारी ठेवली आहे. पूर्वी त्या ताईंच्या ऑफिसातल्या गमती खोदून खोदून विचारायच्या, ते थांबलं होतं. त्याचं कारण ताईंना ठाऊक होतं.

ते गेले त्या दिवशी नर्सनं फक्त "पेशंटच्या मिसेस" म्हणून हाक मारली होती. ताई आत गेल्या, सासूबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. काही वेळानं ताई बाहेर आल्या, तेव्हा सगळं संपलेलं होतं. पण ते सांगणं ताईंना जमेना. त्या कागदांवर सह्या करत राहिल्या, फोन करत राहिल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "डॉक्टर बघताहेत." दीर गावाहून येईपर्यंत त्यांनी वेळ मारून नेली. दिरानं येऊन आईला सांगितलं, तेही व्हरांड्यात उभ्या उभ्या, आणि ताई तेव्हा खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या.

शिडीच्या त्या शूटिंगच्याच दिवशी सरांना एका मोठ्या दवाखान्याचा फोन आला. नव्या डॉक्टरांना शिकवण्यासाठी त्यांना एक फिल्म हवी होती. पेशंट दगावला तर नातेवाइकांना कसं सांगावं, हा विषय. सरांनी फोन ठेवला आणि ताईंकडे न बघता म्हणाले की यासाठी दोन बायका लागतील, आई आणि बायको, आणि आपण दोघीही बाहेरून बोलावू.

"बायकोसाठी बाहेरची कशाला?" ताई म्हणाल्या. "मी आहे ना."

"ताई, विचार करा."

"मी इतक्या वेळा मेलेय. आता मागं राहिलेली करते."

आईच्या भूमिकेसाठी नाटकात काम करणाऱ्या एक बाई ठरल्या. दवाखान्यानं रविवारची दुपार दिली, कारण तेवढ्याच वेळेला त्यांची नातेवाइकांशी बोलायची खोली रिकामी असायची. आणि शनिवारी संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला, की मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात हलवलंय, मी येऊ शकत नाही.

ताईंनी घरी बसून फोनाफोनी सुरू केली. एकीचे पाय सुजले होते, एकीला दुसरीकडे लग्नाला जायचं होतं, एकीनं विषय ऐकूनच नको म्हणून सांगितलं. सासूबाई टेबलाशी भाजी निवडत होत्या. निवडून झाली, तरी त्या उठल्या नाहीत.

"मी येते," त्या म्हणाल्या.

ताईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी फोन खाली ठेवला. फिल्म कशाची आहे ठाऊक आहे का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"तासभर फोनवर सांगतेयस सगळ्यांना. मला काय ऐकू येत नाही का?" सासूबाई म्हणाल्या. "कपडे कुठले घालू तेवढं सांग."

रविवारी सर सासूबाईंना बघून चपापले. त्यांनी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही यांना आणलंत? ताई म्हणाल्या, मी नाही आणलं, त्या आल्यात. तोवर सासूबाई जाऊन खुर्चीवर बसल्याही होत्या. राखाडी स्वेटर, मांडीवर पर्स, पाठ ताठ. कॅमेरामन त्यांच्या चेहऱ्यावर उजेड जमवत होता आणि त्या त्याला विचारत होत्या, चष्मा ठेवू की काढू? चमकतो म्हणून काढायला सांगितल्यावर, मग मला समोरच्याचं तोंड दिसणार नाही, म्हणाल्या. शेवटी दिवा हलवला, चष्मा राहिला.

डॉक्टरचं काम त्याच दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर करणार होते. त्यांनी सगळं पाठ करून आणलं होतं. खुर्ची जवळ घ्यायची. फोन बंद करायचा. आडवळणानं बोलायचं नाही, मृत्यू हा शब्द स्पष्ट उच्चारायचा. आणि मग गप्प बसायचं, समोरची माणसं बोलेपर्यंत. सर म्हणाले, हे गप्प बसणंच या फिल्ममध्ये महत्त्वाचं आहे, घाई करू नका. त्यानंतर आई रडते आणि सून तिला जवळ घेते, असं लिहिलेलं होतं.

कॅमेरा सुरू झाला. डॉक्टर आत आले, खुर्ची ओढून बसले, फोन बंद केला. सासूबाईंकडे बघून म्हणाले, "आजी, मला वाईट बातमी सांगायची आहे. आम्ही सगळे प्रयत्न केले. तुमच्या मुलाचा मृत्यू झाला आहे."

आणि ते गप्प बसले.

सासूबाई रडल्या नाहीत. पर्सचा बंद त्यांनी दोन बोटांत धरला होता, तो तसाच राहिला. खोलीत दिव्यांची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "त्याच्याजवळ कोण होतं?"

हे लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि सरांकडे नजर टाकली. सर हलले नाहीत.

"मी होते," ताई म्हणाल्या.

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ते चुकीचं होतं, त्यांची पाठ आली.

"काही बोलला?"

"नाही."

"माझं नाव काढलं?"

ताईंना हो म्हणता आलं असतं. एक शब्द तर होता, आणि त्यानं कुणाचं वाईटही झालं नसतं. "नाही, आई," त्या म्हणाल्या. "शुद्धच नव्हती. मी हात धरला होता. मधे एकदा बोटं हलली असं वाटलं, पण नर्स म्हणाली तसं होतं."

"गरम होता हात?"

"गरम होता."

"त्रास झाला का त्याला?"

"झाला असेल. मला नाही कळलं."

सासूबाईंनी मान हलवली. बाजारात भाव ऐकून घेताना हलवावी, तशी. मग त्यांनी ताईंच्या हाताकडे बघितलं, थोडा वेळ बघत राहिल्या. डॉक्टर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. उठावं की बसावं, त्यांना कळत नव्हतं. पण शिकवल्याप्रमाणे ते गप्प राहिले, आणि तेच बरं झालं. कट म्हणायचं सरांच्या ध्यानातच राहिलं नाही. कॅमेरामननंच आपणहून कॅमेरा बंद केला.

"माझं चुकलं का?" सासूबाईंनी सरांना विचारलं.

"नाही आजी," सर म्हणाले. "फक्त दवाखान्याला लिहिलंय तसं पाहिजे. थोडं थांबू या, चहा घेऊ. मग जमलं तर."

"चहा नंतर," सासूबाई म्हणाल्या. "रडायचंच आहे ना?"

आणि दुसऱ्या खेपेला त्या रडल्या. डॉक्टरांचं वाक्य पुरं होताच त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ताईंनी त्यांना जवळ घेतलं. असं त्यांना जवळ घ्यायची ताईंची ती पहिलीच वेळ होती. स्वेटरच्या आत त्या किती बारीक झाल्या आहेत, हे ताईंच्या हाताला तेव्हा कळलं. सरांनी कट म्हटल्यावरही त्या काही वेळ तशाच राहिल्या, मग डोळे पुसून चहा मागितला. त्या एका खेपेत सगळं झालं. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

सामान आवरताना सर ताईंपाशी आले. पहिलं जे झालं ते कॅमेऱ्यात आहे, म्हणाले. दवाखान्याला ते जाणार नाही, पण तुम्हाला ठेवायचं असेल तर ठेवू, नको असेल तर आत्ता इथंच पुसतो. ताई म्हणाल्या, आईंना विचारा. सरांनी विचारलं.

सासूबाई पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत होत्या. "पुसा," त्या म्हणाल्या. "मला विचारायचं होतं, विचारून झालं."

कॅमेरामननं त्यांच्यासमोरच ते पुसलं.

दोघी बसनं घरी निघाल्या. रविवार असल्यानं बस रिकामी होती, दोघींना शेजारी जागा मिळाली. सासूबाई खिडकीशी बसल्या. बंद दुकानं मागं पडत होती. ताई मनातल्या मनात वाक्य जुळवत होत्या. तेव्हा मी तुम्हाला सांगायला हवं होतं, असं काहीतरी. ते जुळायच्या आत सासूबाईच बोलल्या.

"मला कळलं होतं त्या दिवशी."

"काय?"

"तू बाहेर आलीस, तेव्हाच. तू माझ्यासाठी पाणी घेऊन आलीस. मी पाणी मागितलं नव्हतं."

ताईंना ते आठवतही नव्हतं. कागदी पेला, व्हरांड्याच्या टोकाचं पाण्याचं यंत्र, काहीच नाही. त्या सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मग विचारलं का नाहीत?"

सासूबाई बाहेरच बघत होत्या. "म्हटलं, सांगेल आता. तू इकडून तिकडे जात होतीस, सह्या करत होतीस. मी म्हटलं, करू दे. ती सांगत नाही तोवर तो आहे." त्या थांबल्या. "तेवढा वेळ बरा गेला माझा. राग आला तो नंतरचा. धाकट्याला सांगायला पाठवलंस ना माझ्याकडे, त्याचा."

"माझ्याच्यानं होईना, आई."

"ते दिसत होतं."

पुढच्या थांब्यावर एक बाई लहान मुलाला घेऊन चढली. ते मूल सीटच्या पाठीवरून सासूबाईंच्या चष्म्याकडे टक लावून बघायला लागलं. सासूबाईंनी चष्मा नाकावरून खाली घेतला, पुन्हा वर घेतला. मूल हसलं. त्यांनी पुन्हा तसंच केलं.

त्यांचा थांबा आला. ताई आधी उतरल्या आणि हात पुढे करून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी पायरीवर थांबून त्या हाताकडे बघितलं, खांद्यावरची पर्स काढून त्याच हातात अडकवली आणि दांड्याला धरून आपल्या आपण खाली उतरल्या. पर्स परत मागितली नाही. ती तशीच ताईंकडे ठेवून, मोकळ्या हातांनी, त्या घराच्या दिशेनं चालायला लागल्या.