सरस्वतीमावशीचा मिसकॉल

सकाळी न्हाताना डाव्या काखेजवळ हाताला हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. उजवी बाजू चार वर्षांमागं कापून दिली, आता ही! मी चाचपतच राहिले. एकदा लागायचं, एकदा न्हाई.

बाहेर आले तर फोन वाजला. हिमायतनगरच्या सरस्वतीमावशीचा मिसकॉल. लातूरच्या दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात आमच्या खाटा शेजारी होत्या. तवापासनं आमचा रोजचा नेम हाय: ठीक असलं तर फोन कट करायचा, भ्या वाटलं तरच उचलायचा. माझ्या मेल्या अंगठ्यानं सवयीनं कट केला. झालं! मावशीला कळलं, बबिता खुशाल हाय.

त्यात येळवस, शेतात जाऊन पूजा करायचा सण. अख्खं औसा घराला कुलूप लावून शेतात. आम्हीही गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबिलाची पंगत बसली. माझा घास नुसता तोंडात फिरत होता. पदराआडून हात सारखा तिथंच.

"सारखी उठून कुठं जाऊन राहिलीस? बस की जरा," हे म्हणाले.

"तुम्हाला काय जातंय बस म्हणायला!"

मी अशी खेकसले की सगळी पंगत माझ्याकडं बघाय लागली. सांगावं तर सगळ्यांच्या सणाचा इस्कोट, न सांगावं तर माझा जीव चाललेला. शेवटी तुरीच्या आडोशाला गेले अन् मावशीला फोन लावला.

कट.

पुन्हा लावला. पुन्हा कट. अगं बाई! तिला वाटलं, मी तिची खुशाली विचारून राहिले. ती बिचारी सांगून राहिली, ठीक हाय, ठीक हाय. मला रडू फुटलं अन् लई रागही आला.

"उचल ना गं मावशे, उचल की!" मी हातातल्या मुक्या फोनवरच ओरडले.

अन् फोन वाजला. तिचाच. लागोपाठ दोनदा माझा फोन आला म्हणून तिला राहवलं नसंल. माझा अंगठा आपोआप कटवर गेला. मी तो मागं ओढला अन् फोन उचलला.

पलीकडं चाललेला भांड्यांचा आवाज थांबला.

"बबे," मावशी हळूच म्हणाली, "कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मी म्हणाले, अन् तिथंच तुरीत खाली बसले.