अहो, पूल आला

निघण्याआधी सासूबाईंनी एकच अट घातली. गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारची जागा कुणी घ्यायची नाही.

"तिथे हे बसतील," त्या म्हणाल्या. "मागे बसलं की यांना मळमळतं."

'हे' म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षाचे विधी आटोपल्यावर सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढे कौल लावला. आमचा कौल म्हणजे चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी तुकडे. एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार. "अहो, पोरं होक्काइदोला चाललीत. येता का?" असं विचारून त्यांनी ते तुकडे टाकले आणि लागोपाठ होकार आला. मग पितरांच्या धूपपात्रातली चिमूटभर राख त्यांनी एका लाल पिशवीत बांधली, सासऱ्यांची उन्हात विटलेली टोपी पदराने पुसावी तशी रुमालाने पुसली, आणि आम्ही तैवानहून समुद्र ओलांडून जपानात उतरलो.

पिशवी भाड्याच्या गाडीच्या आरशाला टांगली. टोपी सीटवर ठेवली. माझ्या लेकीने, आनरूने, तिला पट्टा बांधला.

"आगोंग, श्वास घेता येतोय ना?" तिने आजोबांना विचारलं.

सासरे मादोउच्या बाजारात पपया विकायचे. निळा छोटा ट्रक होता त्यांचा. पहाटे बागेत भरायचा, दिवसभर बाजारात उभा करायचा, दुपारी त्याच्याच सावलीत आडवं व्हायचं. सणासुदीला भाऊबंद जमले की म्हणायचे, "एक दिवस या ट्रकात बिछाना टाकीन, चूल मांडीन आणि होक्काइदोला जाईन. तिथे रस्ता म्हणे दोरीसारखा सरळ, आणि एक स्कूटर आडवी येत नाही." सगळे हसायचे. तेही हसायचे.

आता गाडीत बिछाना होता, चूल होती, रस्ता दोरीसारखा सरळ होता. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मधूनच बटाट्याची पांढरी फुलं, लांब डोंगराच्या खांद्यावर ढगाचा एक तुकडा, कुणी वाळत घालून विसरल्यासारखा. सकाळी मी गाडीतच पेज शिजवायची, सुक्या मुळ्याचं ऑम्लेट करायची. एक वाटी पुढच्या सीटसमोर ठेवायची, वाफ गेली की ती आनरूने संपवायची. "आगोंगचं जेवून झालं," ती सांगायची.

गाडी माझा नवरा चालवत होता. आमिंग. जपानात गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने चालवायची, आमच्याकडे उजव्या, आणि गाडीतली सगळी बटणं आमच्या उलट. वळण आलं की तो दिवा लावायला जायचा आणि काचेवरचे वायपर फटाफट हलायला लागायचे. वर आभाळ निळंशार.

"पाऊस आला का रे?" मागून सासूबाई.

"नाही आई. डावीकडे वळतोय."

"तुझ्या बापाने ट्रक चालवला जन्मभर. कोरडी काच कधी पुसली नाही."

आमिंग तसाही कमी बोलतो, पण वडिलांच्या बाबतीत त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं होतं. आमच्याकडे वारलेल्या माणसाला घेऊन जाताना पूल आला, बोगदा आला, की हाक मारून सांगायचं असतं. नाहीतर तो अलीकडेच राहतो. पाणी आणि अंधार त्याला आपलं आपण ओलांडता येत नाही. ती हाक मुलाने मारायची. सासऱ्यांना इस्पितळातून घरी नेताना पहिलाच पूल आला तेव्हा आमिंगने तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. सासूबाईंनीच रडत रडत घरापर्यंत हाका मारल्या. त्या दिवसापासून 'बाबा' हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता. "ते", "त्यांची टोपी", "त्यांची बाग". एवढंच.

या प्रवासातही हाका सासूबाईच मारत होत्या, आणि त्यांना साधी हाक माहीतच नाही. आमच्या गल्लीत नवरी गाडीतून उतरली की तिच्यासाठी जुळवून ओळी म्हणायला त्यांनाच बोलावतात. त्यामुळे पूल दिसला की त्या पुढे झुकायच्या, टोपीच्या दिशेने हात हलवायच्या आणि सूर लावायच्या,

*पूल आला, पूल आला, खाली वाहे गार पाणी,*
*टोपी धरा घट्ट, माझ्या पपईबागेच्या धनी!*

बोगदा आला की दुसरी,

*बोगद्याच्या पोटी आहे अंधाराची घडी,*
*मागे मागे या हो, पुढे उजेडाची वाडी!*

आनरू टाळ्या वाजवायची. आमिंग रस्त्याकडे बघायचा.

पश्चिम किनाऱ्याला लागलो आणि बोगद्यांची माळच सुरू झाली. एका बाजूला कडा, दुसरीकडे समुद्र. एका बोगद्यातून बाहेर येऊन लाटांकडे बघतोय न बघतोय तोवर पुढचा. सासूबाईंनी एकही सोडला नाही. त्यात आदल्या दिवशी खरबुजाचं आइस्क्रीम आवडलं म्हणून दोनदा खाल्लेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या तर घसा बंद. नुसती हवा बाहेर येत होती.

"आता कसं?" मी विचारलं.

त्यांनी आमिंगकडे बोट केलं.

"आनरू मारेल हाका," आमिंग म्हणाला. "तिला आवडतं."

सासूबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. सकाळभर आनरूने घसा खरवडून हाका मारल्या, "आगोंऽऽग, बोगदाऽऽ!" दुपारी रस्त्याकडेच्या एका थांब्यावर आम्ही खेकड्याचं गरम सूप प्यायलो. तिथल्या बाईने सासूबाईंचा घसा बघून त्यांना आल्याचा काढा दिला, पैसे घेतले नाहीत. टोपी आनरूने बाकावर, आपल्या शेजारी ठेवली होती. पोटं भरली, ऊन उबदार होतं, गाडी सुरू झाली आणि आजी-नात दोघी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून झोपल्या.

पुढचा बोगदा लांबलचक होता. तोंडाशी सीगल पक्षी बसले होते. मी आमिंगच्या चेहऱ्याकडे आरशातून पाहिलं. त्याचे ओठ हलले. मी वाट पाहिली. दिवे डोक्यावरून एकेक करून मागे जात राहिले, पिवळे, पिवळे, पिवळे. माझ्या जिभेवर हाक आली होती. मी मारू शकले असते, सून आहे मी त्यांची. पण ती हाक त्याची होती, आणि तो आता मारेल, आत्ता मारेल, असं म्हणता म्हणता उजेड आला.

उजेडाने सासूबाई जाग्या झाल्या. मागे वळून काचेतून त्यांनी लहान होत जाणारं ते काळं तोंड पाहिलं.

"हाक मारलीस?" घोगऱ्या हवेतून शब्द आले.

आमिंगने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"आमिंग. मारलीस का?"

"मारली."

"मला कशी ऐकू आली नाही?"

"मनात मारली."

सासूबाई उठून बसल्या. "मनात? अरे, तुझ्या बापाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, चाळीस वर्षं ट्रकाच्या खिडकीचा वारा खाऊन! घरी ते चालवायचे तेव्हा शेजारी बसून तू बोललास तर त्यांना ऐकू यायचं. इथेही चांगला कान नेमका तुझ्याकडे आहे. आणि तू मनात हाक मारतोस!"

घसा असता तर त्या ओरडल्या असत्या. तो नव्हता, म्हणून सगळं कुजबुजीत झालं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"आई, इथे गाडी थांबवता येत नाही."

"पुढे थांबव."

पुढे समुद्रालगत गाड्या उभ्या करायची जागा होती. आमिंग दिवा लावायला गेला. वायपर हलले. कुणी हसलं नाही.

सासूबाईंनी पिशवीतून कौलाचे तुकडे काढले, घडीचं टेबल उघडलं, डोळे मिटले. "अहो, गाडीत आहात का?" तुकडे टाकले. दोन्ही पालथे. नकार.

आनरू जागी झाली होती. तिने सीटवरच्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पुन्हा टाकले. दोन्ही उताणे पडून डोलत राहिले. हा हसण्याचा कौल. होही नाही, नाहीही नाही, वरचा नुसता हसतोय.

"हसतायत," सासूबाई म्हणाल्या. "मला चिडलेली बघून हसायचेच ते." तिसऱ्यांदा टाकले. पालथे.

त्यांनी तुकडे गोळा करून मुठीत धरले. "राहिले," त्या म्हणाल्या. "तिकडेच राहिले."

संध्याकाळपर्यंत गाडी परत करायची होती, उद्या सकाळी विमान. वाटेत लव्हेंडरचं शेत बघायचं ठरलं होतं. जांभळ्या रंगाचं चित्र आनरूने घरूनच काढून आणलं होतं. मागे फिरलो तर शेत राहणार. आमिंग सुकाणूवर हात ठेवून बसला होता, गाडी बंद असूनही.

"आगोंग आता कुठे असतील?" आनरूने विचारलं.

"सूप प्यायलो तिथे," सासूबाई म्हणाल्या. "बाकावर."

"मग ते आपल्या मागे पळत का आले नाहीत?"

उत्तर आमिंगने दिलं. समोर समुद्राकडे बघत, हळू.

"ते पळत येत नाहीत. ते थांबतात. मी शाळेत होतो ना, तेव्हा शिकवणीहून घ्यायला यायचे. शिकवणी कधी उशिरा सुटायची. कधी मी मित्रांबरोबर मागच्या दाराने जायचो, बॅडमिंटन खेळायचो. मला वाटायचं, कंटाळून जातील घरी. नाही जायचे. हॉर्न वाजवायचे नाहीत, कुणाला विचारायचे नाहीत. ट्रकाला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून उभे. अंधार पडला तरी तिथेच. मी आलो की एवढंच म्हणायचे, पपई खातोस?"

खाली लाट येऊन दगडांवर फुटली आणि परत गेली.

"त्यांना सांगितलं नाही की पुढे गेलोय," आमिंग म्हणाला, "तर ते तिथेच उभे राहतील."

त्याने चावी फिरवली.

"आनरू, फुलांचं शेत आता नाही जमणार."

"चालेल," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आगोंगला चित्र दाखवीन."

आम्ही मागे फिरलो. परतीच्या वाटेने बोगदा पार करताना कुणी हाक मारली नाही. हा रिकामा फेरा होता. सूपवाल्या बाईच्या थांब्यावर आमिंग उतरला. टोपी आणि लाल पिशवी घेऊन बाकापाशी गेला. आम्ही काचेतून बघत होतो. तो बाकाच्या कडेला बसला, मधे एका माणसाची जागा सोडून. काय बोलला ते दिसत नव्हतं, पाठ आमच्याकडे होती. सूपवाली बाई दारात आली, तिला वाटलं काहीतरी विसरलं, आणि ती बाकाखाली वाकून शोधायलाही लागली. मग त्याचा चेहरा बघून ती थांबली, किंचित झुकली आणि आत गेली.

आमिंग परत आला. टोपी ठेवली, पट्टा स्वतः बांधला, पिशवी आरशाला अडकवली. दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या. समुद्राचा खारा वारा आत घुसला.

बोगद्याचं तोंड आलं.

"बाबा," तो म्हणाला. एवढंच, आणि तेही फाटलेल्या आवाजात.

"मोठ्याने," मागून कुजबुज.

"बाबा! बोगदा आला! लांब आहे, चला माझ्याबरोबर!"

भिंतींनी ते उचललं. 'बाबा' पुढे गेला, मागे आला, डोक्यावरून गेला. आमिंगच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता, कारण दोन्ही हात सुकाणूवर होते. "बाबा, अर्धा झाला! बाबा, आलं, उजेड आला, बघा!" आनरू त्याच्याबरोबर ओरडत होती. सासूबाई ओठ हलवत होत्या. मी पण ओरडले. पलीकडे सीगल उडाले.

गाडी थोडी पुढे गेल्यावर मी विचारलं, "आई, कौल लावायचा?"

त्यांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. वळणावर टोपी घसरून आमिंगच्या बाजूला कलली होती.

"कशाला?" त्या म्हणाल्या आणि तुकडे रुमालात गुंडाळून ठेवले.

पुढे डोंगर संपले, नदी आली. पूल दिसताच आमिंगने घसा साफ केला.

"बाबा, पूल आला पूल, खाली पाणी आहे खूप... डोकं बाहेर काढू नका."

"यमक कुठाय रे?" सासूबाई पुटपुटल्या.

"बाबांना यमक लागत नव्हतं, आई."

"त्यांना नव्हतं लागत. मला लागतं. पुढच्या पुलाला नीट जुळव."

पुढच्या पुलाला त्याने 'पूल' आणि 'फूल' जुळवलं. त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच. आनरूने सांगितलं की हे आधी झालंय. एका ओढ्यावरच्या, दोन पावलांच्या मोरीलाही त्याने हाक मारली. शहर जवळ आलं तसे उड्डाणपूल सुरू झाले. हा पूल धरायचा की नाही, खाली पाणी नाही, नुसते रस्ते आहेत, यावर मायलेकांचं भांडण लागलं. शेवटी धरायचे ठरले.

गाडी परत घेणारा माणूस तरुण होता, हातमोजे घातलेला. त्याने बिछान्याखाली पाहिलं, चुलीचं झाकण उघडलं, कप्पे तपासले. मग तोडक्यामोडक्या चिनीत विचारलं, "आत काही राहिलं नाही ना?"

आमिंगचा आवाज तोवर पार बसला होता. आईसारखाच, नुसती हवा. त्याने पुढचा दरवाजा उघडला, पट्टा सोडला, टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. तिला पपईच्या चिकाचा जुना डाग होता, तो नेमका त्याच्या कानावर आला.

"नाही," तो म्हणाला. "सगळे उतरलो."

फाटकाबाहेर एक पाण्याचा चर होता. त्यावर लोखंडी जाळी टाकलेली, एका पावलाचा पूलच म्हणायचा. सासूबाई जाळीपाशी थांबल्या आणि लेकाकडे बघत राहिल्या.